बोटव्वाची बोटं

“परफॉर्मर म्हणून कुणाचं नाव घालू?” मंजुळानं विचारलं.

तिच्या लॅपटॉपवर परदेशी कंपनीचा फॉर्म उघडा होता. त्यात एक तक्ता होता. आमच्या गेममधलं पात्र जी जी हालचाल करतं ती कुणाकडं बघून बनवली, त्या माणसाचं नाव आणि शेजारी त्याची सही.

“माझं घाल,” मी म्हणालो.

“सगळ्या ओळींना?”

“सगळ्या.”

मंजुळा चिकोडीची. ऑफिसची कागदपत्रं, क्लायंटचे मेल, तारखा हे सगळं ती बघते. “हौदा?” ती म्हणाली. खरंच का, असं विचारायचं असलं की ती कन्नडवर जाते. मग तिनं की-बोर्डवरच्या माझ्या हातांकडं बघितलं. माझी बोटं आखूड आणि जाड आहेत. चहाच्या कपाच्या कानात जात नाहीत.

“हौद,” मी म्हणालो आणि आठ ओळींपुढं आठ सह्या ठोकल्या.

त्या आठ सह्यांची मला आजही लाज वाटते. सातांची थोडी, आठवीची फार. ती का, हे कळायला आमचं काम काय असतं ते आधी सांगायला पाहिजे.

बेळगावात टिळकवाडीत आमचा छोटा गेम स्टुडिओ आहे. नऊ माणसं. मी ॲनिमेटर, म्हणजे चित्राला चालायला, पडायला, हसायला लावणारा. आमचा गेम ‘टपालघाट’. एक टपालवाली बाई घाटातून पत्रं घेऊन जाते आणि वाटेत तिला भुतं आडवी येतात. त्यातली एक म्हातारी दर भागात परत येते. पहिल्या भागात पुलाखाली भेटली, दुसऱ्यात कौलांवर, तिसऱ्यात थेट पोस्टाच्या काउंटरमागं बसलेली. मारली की धूर होऊन जाते आणि पुढच्या भागात पुन्हा हजर. अशा पात्राला आमच्याकडं रिकरिंग एनिमी म्हणतात. खेळणारे हिरोइनचं नाव विसरतात, हिचं नाही. ही बोटव्वा, लांब बोटांची अव्वा, म्हणजे कन्नडमधली म्हातारी आई. माणसाला धरते, पानात गुंडाळते, दोरा बांधते आणि सुपात टाकते.

निपाणीच्या वाचकाला एवढ्यावर कळलं असेल. बोटव्वा बिड्या वळते. माणसांच्या.

ती बोटं माझी नव्हेत, माझ्या मावशीची आहेत. तिचं नाव शेवंता, पण निपाणीत सगळी गल्ली तिला आक्का म्हणते आणि मीही. आठवी ते दहावी मी तिच्याच घरी राहिलो. मांडीवर सूप, डाव्या हाताला भिजवलेली पानं, उजव्या हाताला तंबाखू. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, टोक नखानं मुडपायचं, दोरा बांधायचा. चाळीसेक वर्षं तिनं हेच केलं. गुडघे गेले तेव्हा काम सोडलं, पण हात काही सोडायला तयार नाहीत. टीव्ही बघताना, कुणाशी बोलताना, देवळात कीर्तन ऐकताना तिची बोटं रिकाम्या हवेत वळत असतात. अंगठा तर्जनीवरून सरकतो, करंगळी आत येते आणि शेवटी नख खाली दाबतं. कुणी सांगितलं की हसायची. “मेल्यावर बी वळंल बघ ह्यो हात,” म्हणायची.

खेळणाऱ्यानं कुठलंही बटण दाबलं नाही तरी पात्र नुसतं दगडासारखं उभं राहून चालत नाही. ते श्वास घेतं, डुलतं, डोकं खाजवतं. याला आयडल म्हणतात. आयडलमध्ये पात्राचा स्वभाव दिसतो. बोटव्वाचं आयडल मला जमत नव्हतं, तेव्हा एका रविवारी मी निपाणीला गेलो.

“आक्का, जरा हात दाव. मोबाइलवर घेतो.”

“कशाला रं?”

“ऑफिसात हातांचा अभ्यास करायचाय.”

“तोंड येत न्हाय न्हवं त्यात? केस बी विंचरलं न्हाईत.”

“तोंड न्हाय. निस्तं हात.”

“मग घे की.”

अभ्यास हा शब्द खोटा नव्हता. अभ्यास भुताचा आहे हे मात्र मी सांगितलं नाही. घरच्या माणसाला काय विचारायचं, असं तेव्हा मनापासून वाटत होतं. आमच्याकडं मावशीच्या डब्यातला लाडू विचारून घेतला तर तीच रागावते, परका झालास का म्हणून. मी तिचे हातही तसेच घेतले, डब्यातला लाडू घ्यावा तसे.

गेल्या वर्षी परदेशी कंपनीचा मेल आला. नाव करारामुळं सांगता येत नाही. त्यांचा एक क्रॉसओव्हर फायटिंग गेम आहे. क्रॉसओव्हर म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या गेममधली पात्रं एकाच गेममध्ये येऊन एकमेकांशी मारामारी करतात. जत्रेच्या मैदानात गावोगावच्या तालमींचे पैलवान उतरतात, तसं. लहान स्टुडिओंमधले काही एनिमी त्यांना हवे होते. त्यात बोटव्वा निवडली गेली.

त्या दिवशी देसाई सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, ऑफिसात खव्याचा गोड कुंदा वाटला. स्टुडिओचं हे पहिलं परदेशी काम. सर मला म्हणाले, “संतोष, हे तुझ्यावर आहे. हे नीट गेलं तर पुढची कामं येतील. नाहीतर आपण आहोत आणि लग्नाचे व्हिडिओ आहेत.”

फायटिंग गेमचं एक गणित असतं. प्रत्येक पात्राला ठरलेल्या हालचाली लागतात. उभं राहणं, चालणं, मारणं, धरणं, मार खाणं, समोरच्याला चिडवणं, जिंकणं आणि हरणं. एकूण आठ. आमच्या गेममध्ये बोटव्वा हरली की धूर व्हायची. इथं ते चालत नव्हतं. जिंकणाऱ्याला हरलेला जमिनीवर पडलेला दिसावा लागतो.

सात हालचालींतले हात मी आक्काच्या रविवारच्या व्हिडिओवरून बसवले. बोटव्वाचं बसणंही तिचंच घेतलं, एक गुडघा वर आणि मांडीवर सूप. आठवी अडली. मी बोटव्वाला पाठीवर पाडलं, कुशीवर पाडलं, गुडघ्यांवर आणलं.

“ही बोटव्वा वाटत नाही,” देसाई सर म्हणाले. “कुठलीही म्हातारी पडेल तशी पडते.”

“सर, पडायचं म्हणजे किती वेगळं पडणार?”

“ते तू शोध. शुक्रवारी द्यायचंय.”

त्याच आठवड्यात आक्काचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन होतं. बेळगावातल्या दवाखान्यात तिला आणलं होतं. माझं ऑफिस जवळ, म्हणून दिवसाची पाळी माझ्याकडं. दुपारी तिला थिएटरमधून बाहेर आणून कॉटवर ठेवलं. भूल उतरली नव्हती. डोळे अर्धे उघडे, तोंड उघडं, दात काढून ठेवलेले. एका हाताला सलाईन. थोड्या वेळानं चादरीवर तिची बोटं हलायला लागली. अंगठा सरकला, करंगळी आत आली. सलाईनचा हातसुद्धा वळायला लागला.

“काय शोधतायत या?” सिस्टरनं विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो.

सिस्टर गेल्यावर मी मोबाइल काढला. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ घेतला. हात हलू नये म्हणून कोपर कॉटच्या दांडीला टेकवलं. उजेड कमी पडत होता म्हणून खिडकीचा पडदा बाजूला सारला. तेवढं मला सुचलं. तिचं तोंड पुसावं हे सुचलं नाही.

शुक्रवारी मी नवं ॲनिमेशन दाखवलं. बोटव्वा पाठीवर पडते, डोळे पांढरे होतात, आणि तरीही तिची बोटं जमिनीवर वळत राहतात. चार सेकंद. मग थांबतात. सर खुर्चीवरून उठले. “हेच! कुठून आणलंस?” मी व्हिडिओ लावला. सगळे जण स्क्रीनभोवती गोळा झाले. “पेशंट कोण?” कुणीतरी विचारलं. “दवाखान्यातली एक बाई,” मी म्हणालो. मला खूप आनंद झाला होता. आज तो आनंदच जास्त टोचतो.

परदेशातून एका ओळीचं उत्तर आलं: मंजूर, फार छान. आणि मग तो फॉर्म. खरं नाव घातलं असतं तर आक्काची सही लागली असती. सही मागायची म्हणजे कशाची ते सांगायला लागलं असतं. सात ओळींचं कसंतरी सांगितलं असतं. आठवीचं काय सांगणार होतो? म्हणून “माझं घाल.” ऑफिसात सांगितलं, त्या बाईवरून नुसतं सुचलं, हालचाल मी स्वतः करून रेकॉर्ड केली.

गेम आला तेव्हा देसाई सरांनी टिळकवाडीत एक हॉल घेतला. मोठा पडदा, स्पीकर, स्टाफच्या घरच्यांना बोलावणं. मी निपाणीला काही कळवलं नाही. घरी म्हणालो, गर्दी फार आहे.

रविवारी सकाळी अकराला कार्यक्रम सुरू झाला. पडद्यावर बोटव्वा एका लोखंडी राक्षसाशी लढली. एकदा जिंकली, दोनदा हरली. ती पडली आणि जमिनीवर बोटं वळायला लागली, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “मेली तरी वळतीया बघ!” सगळा हॉल हसला. मीही हसलो.

मग सरांनी माईक घेतला. “ही बोटं कुणाची ठाऊक आहे? आमच्या संतोषची! सगळ्या हालचाली त्यानं स्वतः करून, रेकॉर्ड करून बसवल्यात. ये रे वर!”

मी स्टेजवर गेलो. हॉलमधले दिवे लागले आणि तिसऱ्या रांगेत आक्का दिसली.

जांभळी इरकल नेसून आली होती. शेजारी तिची नात प्राची, जी बेळगावात कॉलेजला असते. पोरीनं मोबाइलवर आमचं पोस्टर बघितलं आणि आजीला नाचवत आणलं, भाच्याचं कौतुक बघायला.

“करून दाखव!” कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडायला लागल्या. सरांनी माझ्यापुढं माईक धरला, बोटांचा आवाज येणार असल्यासारखा. मी दोन्ही हात वर केले आणि वळायचा प्रयत्न केला. अंगठा सरकला, पण करंगळी आत येईना. पोळीचं पीठ बोटांना चिकटल्यावर माणूस झटकतो तसं काहीतरी झालं. लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या.

आक्का माझ्या तोंडाकडं बघत नव्हती. माझ्या बोटांकडं बघत होती. तिचे स्वतःचे हात मांडीवर होते आणि ते हलत नव्हते. तिचे हात थांबलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

हॉलबाहेर चहा ठेवला होता. मी तिच्या पाया पडलो. तिनं डोक्यावर हात ठेवला.

“चांगलं केलंयस,” ती म्हणाली. “त्या बाजूला उभारली की मीच दिसतोय. ह्या बाजूला आली की डावरी हुतीया. मी कवा रं डावरी?”

फायटिंग गेममध्ये पात्रानं बाजू बदलली की चित्र आरशासारखं उलटतं. उजवा हात डावा होतो. दोन्हीकडून वेगळं काढायला दुप्पट काम पडतं, म्हणून कुणी काढत नाही. हे मी तिला समजावून सांगितलं. सांगायला काहीतरी मिळालं म्हणून जरा जास्तच लांबवलं.

“आणि टोक मुडपत न्हाय ती. आसली बिडी सुटती. छाटात जाईल सगळी.” छाट म्हणजे तपासणीत खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या.

ते टोक मुडपणं मीच कापलं होतं. हालचाल जलद व्हावी म्हणून सहा फ्रेम वाचवल्या होत्या. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. हॉलभर माणसांत ते फक्त तिला दिसलं.

तिनं चहाचा एक घोट घेतला. “आणि ते पडल्यावरचं? ते मी कवा दावलं तुला?”

मी बिस्किटांची बशी तिच्यापुढं सरकवली.

“संतू.”

“दवाखान्यात घेतलं, आक्का.”

“मी बेसुद हुतो.”

“व्हय.”

“तोंड आलंय त्यात?”

“गेममधी न्हाय. मोबाइलात हाय.”

“कुणी कुणी बघितलं?”

“ऑफिसातल्यांनी.”

“दात न्हवतं माझं,” ती म्हणाली. एवढंच. कप टेबलावर ठेवला आणि प्राचीकडं वळली. “निपाणीची गाडी कवा हाय गं? चल, जाऊ या.”

मी स्टँडपर्यंत सोडतो म्हणालो. “ऱ्हाऊ दे, तुझी मानसं हाईत हितं,” ती म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. परक्या माणसाला म्हणतात तशी म्हणाली.

सोमवारी मी मंजुळाला खरं सांगितलं. “मला तुझी बोटं बघूनच शंका आली होती,” ती म्हणाली. “मी पण गप्प बसले. फॉर्म लगेच पाठवायचा होता ना.”

देसाई सर मात्र हलके झाल्यासारखे हसले. “एवढंच? अरे, मावशीच ना तुझी? घरचंच माणूस. जा, सही घेऊन ये, झालं.”

त्या वाक्यात मला माझाच आवाज ऐकू आला आणि मान खाली गेली.

परदेशी कंपनीला मंजुळानं सगळं कळवलं. उत्तर थंड होतं. खऱ्या परफॉर्मरची सही पंधरा दिवसांत आली नाही, तर बोटव्वाला गेममधून काढू. म्हणजे आमचं पहिलं परदेशी काम गेलं, आणि तेही खोट्या सह्यांमुळं. फॉर्म घेऊन मी मोटारसायकलनं निपाणीला निघालो. संकेश्वरपर्यंत काय बोलायचं ते ठरवत होतो. त्यापुढं ठरवायचं सोडून दिलं.

आक्का उंबऱ्याशी बसली होती. मी फॉर्म पुढं ठेवला आणि एकेक ओळ वाचून मराठीत सांगितली. उभं राहणं, चालणं, मारणं. प्रत्येक ओळीला ती “हं” म्हणायची आणि सही करायची. तिची सही सावकाश आणि गोल. माणसाला पानात गुंडाळतात तिथं जरा थांबली. “वाईट बाई हाय म्हणा की ही.”

“व्हय, आक्का. भूतच हाय.”

“माझ्या हाताचं भूत केलंस.”

तिनं ती सही केली.

आठव्या ओळीशी तिनं पेन थांबवलं. “ही पडल्यावरची न्हवं?”

“व्हय.”

पेन तिनं टोपण लावून माझ्या हातात दिलं. “ह्ये काढ. मोबाइलातलं बी काढ. हितं, माझ्याम्होरं.”

काढण्याआधी तिनं तो व्हिडिओ एकदा बघायला मागितला. मी लावला. चाळीस सेकंद. शेवटपर्यंत बघितला. मग मी तो पुसला, ऑफिसला फोन करून मंजुळालाही तिथल्या प्रती पुसायला लावल्या, आक्काला ऐकू येईल अशा आवाजात.

“माफ कर, आक्का,” मी म्हणालो. “मी तुला विचारायला पायजे हुतं.”

“इचारलं असतंस तर चांगलं सूप घिऊन, पानं आणून, नीट करून दावलं असतं. केस विंचरून बसलो असतो.” मग थोड्या वेळानं, “त्ये टोक तेवढं मुडप.”

सात सह्या चालल्या. बोटव्वा गेममध्ये राहिली. नव्या अपडेटमध्ये ती हरल्यावर पालथी पडते, हात अंगाखाली, कुठलीही म्हातारी पडेल तशी. आधीचं जास्त भारी होतं, असं खेळणारे अजून लिहितात. तांत्रिक कारणामुळं बदललं, असं उत्तर मीच देतो. टोक मुडपायच्या सहा फ्रेम मी परत घातल्या. त्यामुळं बोटव्वा जरा संथ झाली आणि जास्त हरायला लागली. गेमच्या शेवटी नावं येतात तिथं माझ्या नावाच्या जागी आता ‘हात: शेवंता, निपाणी’ असं आहे. प्राचीनं ते आक्काला दाखवलं. “नाव बराबर हाय,” एवढंच ती म्हणाली.

स्टुडिओत नवीन आलेल्यांना मी आता एक गोष्ट शिकवतो. परफॉर्मरचा रकाना आधी भरायचा, कॅमेरा नंतर काढायचा. घरचं माणूस असलं तर दोनदा विचारायचं. का, असं कुणी विचारलं तर क्लायंटचा नियम आहे म्हणून सांगतो.

निपाणीला मी महिन्यातून एकदा जातो. आक्का चहा करते, जेवूनच जा म्हणते, आईची चौकशी करते. सगळं पहिल्यासारखं. फक्त बोलायला बसली की दोन्ही हात पदराखाली घेते. थंडी वाजते म्हणते. उन्हाळ्यातही म्हणाली.

मागच्या खेपेला निघालो, गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि हेल्मेट विसरल्याचं लक्षात आलं. परत दारात आलो. आक्का भिंतीला टेकून टीव्ही बघत होती. हात मांडीवर होते आणि बोटं वळत होती. अंगठा, करंगळी, नख. माझी चाहूल लागली तशी तिनं दचकून हात पदराखाली घेतले.

“टोपी ऱ्हायली व्हय? ती बघ कोनाड्यात,” ती म्हणाली. कोनाडा तिच्या हाताशीच होता. एरवी तिनं ती उचलून दिली असती.

मी आत जाऊन माझी मी घेतली.